‘हव’ म्हणजे समजलं नाही

नव्या डॉक्टरला काय काय यायलाच हवं, याची जुनी यादी सुधारायची होती. त्यासाठी नेमलेल्या समितीत सगळे डॉक्टर. नर्सिंग शिकवणारी मी एकटी. त्यामुळे गावोगाव जाऊन लोकांची मतं घेणं माझ्याकडे आलं. उन्हातली कामं अशीच वाटली जातात.

तिरोड्याजवळच्या एका गावात बायका जमल्या. "डॉक्टर कसा पाहिजे?" विचारलं, तर सगळ्या म्हणाल्या, "चांगला." मग मी यादीतलं वाक्य वाचलं: उपचार समजावून सांगावा, रुग्णाचा होकार घ्यावा. पुढे बसलेली एकजण फिसकन हसली.

"होकार? डॉक्टर म्हणते समजलं का, आमी म्हणतो हव."

"मग समजत नाही का?"

"समजलं असतं तं काही इचारलं नसतं का, बाई? मांगं लाइन राह्यते. हव म्हणजे, आता सोडा आमाले."

शेजारीण म्हणाली, "हिची सासू हव हव करत दवाखान्यातून आली, अन् घरी हिलेच इचारते, हे गोळी खाची का लावाची?"

"तुई सासू तं गोळ्या तिथंच ठेवून आली!"

मीही हसले, आणि लिहून घेतलं: रुग्ण ‘हव’ म्हणाला की थांबू नये, काय समजलं ते त्याच्याकडून परत वदवून घ्यावं.

गोंदियाच्या बैठकीत समितीच्या अध्यक्षांनी त्याच वाक्यावर बोट ठेवलं. "मॅडम, ये मजाक है, फीडबॅक नहीं. माझा पेशंट हो म्हणतो तेव्हा त्याला समजलेलं असतं."

"सर, तुमच्या केबिनमधून निघालेला माणूस दाराशीच आमच्या नर्सला विचारतो, डॉक्टर काय म्हणाले?"

अध्यक्ष म्हणाले, "बरं, ‘प्रभावी संवाद’ असं लिहू."

"ते जुन्या यादीतही आहे. त्याने काय झालं?"

"आणि वाक्य काढलंच तर?"

"तर लोकांचं मत घेतलं असं लिहू नका. मी मसुद्यावर सही करणार नाही."

चहा आला, गार झाला. वाक्य राहिलं, ‘हव’सकट.

मसुदा आता वर गेला आहे. तिथे कुणीतरी कात्री लावेल, हे मी धरूनच चालते. परवानगीची वाट मात्र पाहिली नाही. बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी वर्गात मुलींना सांगितलं: यादी यायची तेव्हा येईल. रुग्ण हव म्हणाला की स्टूल ओढून बसा, आणि गोळी कशी घेणार ते त्याच्या तोंडून ऐका. डॉक्टर घाई करत असतील तर त्यांनाही थांबवा.