एक विमान पोचलं होतं

दोन हजार एकवीसच्या लॉकडाऊनमध्ये, आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावच्या कालव्याकाठी ते मला रोज संध्याकाळी भेटत. मूळचे नागपूरचे, कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण ते मला बोलू देतील तर ना!

"अहो, दुसऱ्या महायुद्धात नुसत्या बॉम्बनी जर्मनांना ब्रिटन वाकवता येणारच नव्हतं! दोन इंजिनांची विमानं, नेणार किती बॉम्ब? सोबतच्या फायटरचं इंधन लंडनवर दहा मिनिटांत संपत यायचं. ऐका तर!" असं म्हणत ते तळहातांची विमानं करून माझ्याभोवती गिरक्या घेत. मास्क हनुवटीवर घसरे. मला ते पाहायला फार आवडे.

एकदा बाकावरच्या आयरिश आजींनी विचारलं, "कसली विमानं?" यांनी लगेच त्यांनाही इंग्रजीतून सगळं ऐकवलं.

आजी म्हणाल्या, "ग्रँड, अगदी बरोबर. पण बेलफास्टला आमच्या गल्लीपर्यंत एक पोचलं. माझा भाऊ त्यात गेला."

यांचे हात हवेतच थांबले. आता हे काढता पाय घेतील, असं मला वाटलं. पण ते दोन मीटर लांब, ओल्या गवतावर मांडी घालून बसले. "मला सांगाल?"

आजी सांगू लागल्या. शेजाऱ्यांनी त्यांना ढिगाऱ्याखालून कसं ओढून काढलं, युद्धात नसलेल्या डब्लिनहून आगीचे बंब सरहद्द ओलांडून ब्रिटिश बेलफास्टला कसे धावत आले! त्यांचा आवाज चढत गेला, डोळे चमकू लागले. हे श्वास रोखून विचारत राहिले, "मग? मग काय झालं?"

दुसऱ्या दिवशी मी पोचलो, तर ते आधीच गवतावर बसले होते. बाक अजून रिकामा होता.