तुटला तर जोडणार कोण?

"तुटला तर जोडणार कोण?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. समोरच्याने तयार ड्रोनचं नाव काढायचा अवकाश, की चष्मा कपाळावर सरकवून, हातातली सोल्डरिंग गन बाजूला ठेवून हे विचारणार. उत्तराची वाट बघायची पद्धत नव्हती. "कंपनीवाला येणाराय काय रत्नागिरीत? शेवटी मीच जोडणार ना? मग मीच बांधतो की पयल्यापासून!"

असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल. दुकानातली वस्तू दुकानात आहे, एवढ्याच कारणावरून ती त्याच्या मनातून उतरते.

माझा रत्नागिरीत फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग आकाशातून हवं, असं लोकांना वाटायला लागल्यापासून हा माझा मित्र ड्रोन उडवायला माझ्याबरोबर होता. त्याचा ड्रोन वर जाऊन एका जागी टांगल्यासारखा उभा राहणाऱ्यांतला नव्हे. डोळ्यांवर मोठा गॉगल चढवायचा, ड्रोनच्या कॅमेऱ्याला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं, आणि मग माडांच्या रांगेतून, मांडवाच्या खांबांमधून भरधाव निघायचं. असा ड्रोन तयार मिळतो. नाहीतर सांगाडा, मोटरी, पंखे, कॅमेरा सुटं आणून घरी बांधता येतो. तो बांधायचा, आणि बांधला की आठवडाभर त्याचीच फुशारकी मारायचा.

त्याआधी तो मुंबईला टीव्हीच्या दुकानात होता. त्या नोकरीचा विषय निघाला की तोंड कडू व्हायचं. "दिवसभर काउंटरला उभा. या सर, बसा सर. जीभ झिजली माझी. आता उपाशी ऱ्हाईन, पण मुंबयला परत जानार नाय." हे त्याने मला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की ते ड्रोन नुसते ड्रोन नव्हते हे मला पक्कं ठाऊक होतं. ते चालले तर तो गावात राहणार होता.

गॉगल घातला की आजूबाजूचं काही दिसत नाही. माणूस उभ्या जागी तोल जाऊन पडतो. म्हणून उडवायच्या आधी तो ओरडायचा, "मेल्या, खांदा धर!" मी मागे उभा राहून त्याचा खांदा धरायचो. ड्रोन कुठे आहे हे मला दिसत नसे, पण खांद्यावरून कळायचं. अवघड जागा आली की तो खांदा दगडासारखा व्हायचा आणि पार झाली की सैल पडायचा.

दापोलीकडे एका लग्नात ड्रोन फणसाच्या फांदीवर आपटून खाली आला. हा सरळ आचाऱ्यांच्या खोलीत शिरला, मसाल्याचे डबे बाजूला सारले आणि बसला जोडायला. नवरीच्या काकांना मोबाईलचा उजेड धरायला लावला. "हात हलवू नका हो काका, लग्न तुमच्या घरचं हाय!" पंगत उठायच्या आत ड्रोन पुन्हा आकाशात. मग जेवायला बसल्यावर भात गार झाला म्हणून कुरकुर. असा माणूस. त्याच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं, पण कंटाळा कधी आला नाही.

मग मोठी लग्नं गावातून उठून रिसॉर्टवर गेली. गुहागरकडच्या एका रिसॉर्टच्या मालकाने त्याचा ड्रोन दोन बोटांनी उचलून पाहिला. "हे वायरी लोंबणारं नको. कंपनीचा आणा. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही." मी म्हटलं, "अहो, फोटो याने काढायचाय, याचा नाही काढायचा." मालक हसला आणि काम दुसऱ्याला दिलं. पुढच्यानेही तेच विचारलं, त्याच्या पुढच्यानेही. काय उडतं, कसं उडतं, कोणी बघितलंच नाही. खोक्यावर नाव आहे ना, एवढंच बघितलं. मला त्या लोकांचा अजूनही राग येतो.

शेवटी त्याने हाताने बांधलेले सगळे ड्रोन कॉलेजच्या पोरांना सुटे भाग म्हणून विकले आणि तयार ड्रोन घेतला. बाजारात मासा उलटापालटा करून बघतात तसा तो ड्रोन बघत माझ्या स्टुडिओत बसला होता. "सगळा चिकटवलेला हाय रे. उघडायचा कुठून?" सोबतचं माहितीपुस्तक त्याने वाचलं नाही. इतकी वर्षं ड्रोन बांधणारा माणूस ते कशाला वाचेल?

पहिलं काम त्याच गुहागरच्या रिसॉर्टवर. नवरी खाडीतून होडीने येणार होती, आम्ही दोघं त्याच होडीत होतो. त्याने होडीच्या फळीवरून ड्रोन उडवला, नेहमीसारखा मी खांदा धरला. होडी धक्क्याकडे निघाली. ड्रोन टेकडीला वळसा घालायला गेला आणि आड जाताच संपर्क तुटला. त्याचा स्वतःचा ड्रोन असता तर तिथेच खाली पडला असता, आणि हा चिखल तुडवत जाऊन तो घेऊन आला असता. तयार ड्रोन मात्र संपर्क तुटला की आपणहून घरी परततो. घर म्हणजे जिथून उडाला ती जागा. तिथे होडी राहिली नव्हती, खाडीचं पाणी होतं.

परतताना चित्र पुन्हा दिसायला लागलं होतं. ते परतणं थांबवायला रिमोटवर एक बटण असतं. त्याने बांधलेल्या ड्रोनला असलं बटण कधी लागलंच नव्हतं. "ऐकत नाय रे, ऐकत नाय!" तो ओरडत होता. माझ्या हाताखाली खांदा दगड झाला होता. शहाण्या मुलासारखा ड्रोन हळूहळू खाली आला आणि पाण्यावर टेकला. पाणी जवळ येताना त्याला शेवटपर्यंत दिसलं असणार, कारण गॉगल त्याने काढला नाही. धक्क्यावर लोक मोबाईल धरून हसत होते.

रिसॉर्टचा मालक म्हणाला, "कंपनीचा होता ना? मग चालवणाऱ्यालाच येत नसणार."

परत येताना गाडीत तो एवढंच बोलला, "घर कुठलं, ते पन त्यानंच ठरवलं."

नंतर तो स्टुडिओत आला नाही. फोन उचलेना. घरी गेलो तर बायकोने दारातूनच सांगितलं, "ते मुंबयला गेले, भावजी." कुठल्या दुकानात ते मी खोदून विचारलं. तिने सांगितलं आणि डोळ्यांना पदर लावला.

लेन्स घ्यायला मुंबईला गेलो तेव्हा मुद्दाम त्या दुकानात गेलो. टीव्हींच्या शेजारी ड्रोनचीही खोकी मांडलेली, आणि तो काउंटरमागे होता. दुकानाचा टी-शर्ट, छातीवर नावाची पट्टी. एक तरुण गिऱ्हाईक त्याला विचारत होतं, ड्रोन तयार घेऊ की पार्ट आणून बांधू?

"तयार घ्या, सर. बांधायच्या भानगडीत पडू नका."

"आणि तुटला तर?"

"तुटला तर नवीन घ्यायचा, सर."

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. आता 'मेल्या' म्हणून ओरडेल असं वाटून मी त्याच्या खांद्याकडे हात केला. मध्ये काउंटर होतं, हात पोचला नाही. गल्ल्यावरचा मालक आमच्याकडे बघत होता.

"या सर," तो म्हणाला, आणि स्टूल पुढे सरकवलं. "बसा सर."