होडी येईपर्यंत गणित नाही

कराची बंदरात दिवसभर कापसाच्या गासड्यांवरचे मार्क उतरवून घेतो, मग संध्याकाळी कागद पुढे घेतला तरी हात चालत नाही. त्यात थोरल्या भावाचं पत्र आलं. पुतणी चौथी पास झाली, पाचवीला कुठे घालू? सड्यावरच्या शाळेत की खाडीपलीकडच्या? 'तू दोन्हीकडे बसलेला आहेस, तूच सांग.'

बसलो खरा, पण दोन्ही मिळून सहावी पुरी झाली नाही. आणि सल्ला विचारतात मला.

आमचे वडील सड्यावरच्या शाळेच्या बाजूचे. म्हणायचे, "तिथून मास्तर निघतात, तलाठी निघतात. खाडीपलीकडनं निघतात खलाशी." खोटं नव्हतं. सड्यावर चिरेबंदी इमारत, वर्गाला वेगळा मास्तर, सातवीच्या फायनलचा निकाल उत्तम. पण घरापासून दोन तास सड्याचा उघडा कातळ तुडवायचा, आणि पावसाळ्यात मधल्या पऱ्याचं पाणी उतरेपर्यंत काठावर बसून राहायचं. घंटेनंतर येणाऱ्याला मधल्या सुट्टीपर्यंत पडवीत उभं करीत. अर्धी पाचवी मी पडवीतून ऐकली. गणित तर फळा दिसल्याशिवाय कळतच नाही. नापास झालो.

मग खाडीपलीकडे. कौलं गळकी, तीन इयत्तांना एकच मास्तर, व्याकरणाचं पुस्तक कधी संपलं नाही. आम्ही अलीकडची सात-आठ पोरं होडीने जायचो. ओहोटीला होडी धक्क्याला लागत नसे, आणि ओहोटीची वेळ रोज पुढे सरकायची. मास्तरांनी वेळापत्रकच तिच्यामागे सरकतं ठेवलेलं. एकदा होडीवाल्याने अडकलेल्या होडीतूनच शाळेकडे हाक दिली, "मास्तर, आज पाणी नाय. पोरं चिखलातनं येतायत."

"येऊ देत," मास्तर म्हणाले, "गणित त्यांच्याबरोबरच येईल."

गुडघाभर चिखलाने आम्ही आत शिरलो, तेव्हा कुठे त्यांनी खडू उचलला. तिथली पोरं तोवर कविता म्हणून कंटाळली होती. आम्हाला 'चिखलवाले' म्हणायची, ते सोडा.

पुढे वडिलांनी अंथरूण धरलं आणि सहावीतच माझी शाळा सुटली. आज गासड्यांचा हिशेब चुकत नाही, तो त्या मास्तरांमुळे. पण म्हणून पोरीला तिकडे घाल असं लिहायचं का? निकाल सड्यावरचाच चांगला. माझ्या जुन्या रागापायी तिची फायनल बुडाली तर? दोन पत्रं लिहिली, दोन्ही फाडली. तिसऱ्यात एवढंच लिहिलं: दादा, मृग लागला की एका भर पावसाच्या दिवशी तिला घेऊन सड्यावर चालत जा. तिच्या पावलाने जा, तुझ्या नको. घंटेआधी पोचलात तर तिथेच घाल.

महिन्यानं उत्तर आलं. दोघं सड्यावर पोचली तेव्हा घंटा होऊन गेली होती. दादा लिहितो, पोरगी आता होडीने जाते. वहिनीला पाण्याची भीती वाटते, ती रोज धक्क्यापर्यंत सोडायला येते. खाली एक ओळ: 'व्याकरणाचं पुस्तक इथे मिळत नाही, तिकडे बघ.'

इथे एक मराठी शाळा आहे. रविवारी शोधत गेलो, तर दाराला कुलूप. आता कुठल्या तरी दिवशी दुपारची सुट्टी मागावी लागेल. मुकादम देईल असं वाटत नाही, पण विचारतो.