टॉवरची दुपारची झोप

सुपडूच्या आधीची दोन भावंडं जन्मताच गेली, म्हणून आईनं त्याला सुपात घातलं आणि तेच नाव पडलं. इतक्या खटपटीनं जगवलेल्या माणसाच्या वाट्याला काय यावं, तर तोरणमाळच्या घाटाखालचा एक मोबाइल टॉवर. चौदा वर्षं त्यानं टॉवरच्या जनरेटरला डिझेल पाजलं. वरच्या पाड्यावरचे लोक त्याला डिझेलवाले आप्पा म्हणत, आणि म्हातारी भिकुबाई दिसली की भाकर-चटणी खाल्ल्याशिवाय सुटका नसे.

गेल्या हिवाळ्यात टॉवर सुधारला. जनरेटर गेला, सोलर आलं, मोठ्या बॅटऱ्या आल्या, आणि वापर नसेल तेव्हा बंद राहून वीज वाचवणारी नवी यंत्रं वर बसली. चांगलीच गोष्ट, उगाच नावं कशाला ठेवा. सुपडू मात्र नुसत्या राखणीला उरला. डिझेलच नाही तर डिझेलवाल्याचं काय काम?

कंपनीचा इंजिनिअर भाग्येश तक्ता घेऊन आला. दुपारी एक ते चार या टॉवरवर बोलणं जवळजवळ शून्य, असं त्यात दिसत होतं. "आप्पा, तुम्ही इथले जुने. दुपारी टॉवर झोपवला तर कुणाची अडचण होईल का? शेजारच्या टॉवरची रेंज पाड्यावर येते असं नकाशात दिसतंय." मधला डोंगर नकाशाला कुठून दिसणार. तो सुपडूला दिसत होता. "पाड्यावर विचारून सांगतो" एवढं म्हणायला काय जात होतं त्याचं? पण जुना माणूसही कामाचा असतो हे दाखवायची हीच वेळ, असं त्याला वाटलं.

"दुपारले कोन्ही बोलत नही, साहेब," तो म्हणाला. कागदावर 'अडचण नाही' लिहून त्यानं सही ठोकली.

आणि ते खोटंही नव्हतं. दुपारी कुणी बोलत नव्हतंच, कारण तिकडे फोन निम्म्या वेळी नुसता वाजवायचा असतो. पूर्वी पैसे वाचवायला लागलेली सवय रिचार्ज बदलले तरी सुटली नाही. एक घंटी म्हणजे पोचलो. फाट्यावरच्या जीपवाल्या करमसिंगला दोन घंट्या देऊन तोडला म्हणजे, बाई अडलीय, जीप काढ. न उचललेला फोन तक्त्यात बोलणं म्हणून येत नाही. सुपडूची बायको धनुबाईही रोज एक वाजता गावाकडून एक घंटी द्यायची, जेवायला बसा म्हणून. चौदा वर्षांत त्यानं ती कधी उचलली नाही. टॉवर दुपारी झोपू लागला तशी ती घंटी बंद पडली. भूक लागलेली कळायला फोन कशाला, असं म्हणून त्यानं डबा उघडला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही.

होळीच्या चार दिवस आधी, भर दुपारी भिकुबाईच्या सुनेला, गुलाबबाईला, कळा सुरू झाल्या. पाड्यावरच्या आशा सेविका रूपलीबाईनं करमसिंगला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. करमसिंग खाली फाट्यावर जीपमध्येच बसला होता, फोन समोर ठेवून. शेवटी चौघांनी गुलाबबाईला बांबूच्या झोळीत घालून उतार धरला. मूल वाटेतच झालं. रक्त थांबलं नाही. चारला टॉवर जागा झाला आणि पाड्यावरून लावत राहिलेला फोन करमसिंगकडे दोनदा वाजला. तोवर गुलाबबाई गेली होती.

सुपडू भाग्येशपुढे अक्षरशः रडला. भाग्येशही हादरला होता. त्यानं दुपारची झोप महिनाभरासाठी थांबवून घेतली. "पण महिन्यानं वरचे साहेब पुन्हा आकडे बघतील, आप्पा. दुपार रिकामी दिसली तर झोप पुन्हा लागू होईल. माझ्या हातात एवढंच आहे."

सुपडू पाड्यावर गेला. घरोघर सांगत फिरला, "मिसकॉल दिऊ नका. फोन उचला, बोला, चारलगून चालू ठेवा." भिकुबाईनं त्या दिवशी त्याला भाकर दिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून एकच्या ठोक्याला तिचाच फोन येऊ लागला. पाड्यावरचे बाकीचे रानात असत, ती नातवाला घेऊन घरी. सुपडू फोन उचलायचा. पलीकडे आईविना मूल रडायचं, म्हातारी त्याला थोपटायची, आणि हा कानाला फोन लावून टॉवरच्या पायथ्याशी बसायचा. डबा बंदच राहायचा.

पाचव्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"भिकुबाई, टॉवर बंद ठेवा म्हनीसन मीच लिखी दिन्हं. त्या कागदवर मन्ही सही शे."

पलीकडचं थोपटणं थांबलं नाही.

"माले ठाऊक शे," ती बाजारात शिकलेल्या मोडक्या अहिराणीत म्हणाली. "रूपलीनी सांगं."

"मग रोज माले फोन काबरं करस?"

"पाड्यामा अजून दोन बाया बाळंत व्हनार शेतस," म्हातारी म्हणाली. "फोन ठेवू नको."