मधला रूळ

कोणतीही सरळ वस्तू हातात आली की फिटर डावा डोळा मिटायचे आणि तिच्या कडेवरून नजर टाकायचे. मी शहापूरला त्यांच्या शेजारची खोली घेतली, त्या दिवशी माझ्या सामानातली नवी फूटपट्टी त्यांनी अशीच उचलून पाहिली. परत देताना म्हणाले, "वाकडी हाय, मास्तर. पण तुमच्या कामाला चालंल."

मला राग यायला हवा होता. पण पट्टी खरोखरच वाकडी निघाली.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला आपण केलेली गोष्ट दाखवायला आपण जरा बिचकतो. आळीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. आसनगावला रेल्वेत सिग्नलच्या कामावर त्यांचं आयुष्य गेलं होतं, म्हणून ते फिटर. शिक्षण चौथीपर्यंत. वीज कुठून कुठे जाते हे मात्र मला त्यांनी जेवढं नीट समजावलं, तेवढं कॉलेजात कुणी समजावलं नव्हतं.

त्यांच्या खाटेखाली एक लाकडी खोकं होतं. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचा एक गोरा साहेब आपल्या देशी परत निघाला, तेव्हा बंगल्यातलं सामान लोकांनी नेलं. खुर्च्या गेल्या, आरसे गेले. हे खोकं कुणालाच नको होतं. साहेबाने ते फिटरना दिलं. आत खेळण्यातली आगगाडी होती : विजेवर चालणारी दोन इंजिनं, पाच डबे आणि रुळांचे तुकडे. नोकरीत असेपर्यंत त्यांनी ते उघडलं नाही. निवृत्त झाल्यावर उघडलं. एका ट्रकवाल्याकडून जुनी बॅटरी आणली, गाडी चालवून पाहिली आणि पुन्हा खोक्यात ठेवून दिली.

मी कारण विचारलं. ते म्हणाले, "तीन रूळ हायेत."

खरंच होतं. कडेच्या दोन रुळांच्या मध्ये आणखी एक तिसरा रूळ होता. इंजिनाच्या पोटाखाली पितळेची एक जीभ होती. ती मधल्या रुळाला घासून वीज वर घ्यायची, आणि ती वीज मोटरमधून फिरून चाकांवाटे कडेच्या रुळांत परत जायची. खेळण्यासाठी ती सोय चांगली होती. पण फिटरना तो मधला रूळ डोळ्यांत खडा गेल्यासारखा सलत होता.

पुढे माझी बदली मुरबाडच्या शाळेत झाली. तिथे विज्ञान शिकवताना वाफेचं इंजिन फळ्यावर काढलं, तेव्हा लक्षात आलं की डोंगराकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या बऱ्याच मुलांनी आगगाडी पाहिलेलीच नाही. मुरबाडला रेल्वे नव्हती. शनिवारी शहापूरला आलो की फिटरकडे जायचोच. त्यांना म्हटलं, तुमची गाडी एक दिवस शाळेत आणा. ते खूश होतील असं मला वाटलं होतं.

"पोरांनी गाडी बघितलेली नाय," ते सावकाश म्हणाले. "पयली बघतील ती खोटी कशी दाखवू?"

मी म्हटलं, खेळणंच आहे, मुलांना काय कळतंय. त्यावर त्यांनी माझ्याकडे त्या फूटपट्टीकडे पाहिलं होतं तसंच पाहिलं. मधला रूळ काढल्याशिवाय गाडी मुरबाडला जाणार नव्हती.

काढणं सोपं नव्हतं. मधला रूळ गेला की वीज एका रुळातून यायला हवी आणि दुसऱ्यातून परत जायला हवी. पण चाकंही धातूची आणि त्यांना जोडणारा दांडाही धातूचा. वीज मोटरपर्यंत न चढता चाकांमधूनच परस्पर पलीकडे जाणार. म्हणजे एका बाजूचं प्रत्येक चाक दांड्यापासून तोडायचं; तोडायचं, पण सुटू द्यायचं नाही. त्यासाठी चाकाचं भोक मोठं करायचं आणि मध्ये वीज न वाहणाऱ्या वस्तूचं कडं बसवायचं.

"पस्तीस वर्षं चाकांनी दोन्ही रूळ जोडावेत म्हणून जपलं," ते मला म्हणाले. "रूळ जोडले की सिग्नल लाल व्हायचा. आता जोडू नयेत म्हणून जपतोय. सगळं उलटंच."

कड्यांसाठी त्यांना तांबडं फायबर हवं होतं. रुळांच्या जोडात वीज अडवायला घालतात ते. निकामी तुकडे आसनगावला ढिगाने पडलेले असायचे. दुसऱ्या कुणी एक उचलून खिशात टाकला असता. फिटर धुतलेला सदरा घालून तिथल्या रेल्वे इन्स्पेक्टरांकडे गेले आणि तळहाताएवढ्या तुकड्याची परवानगी मागितली. इन्स्पेक्टर हसून घेऊन जा म्हणाले. फिटर हलले नाहीत. त्यांना चिठ्ठी लिहून हवी होती. शेवटी चिठ्ठी मिळाली तेव्हाच त्यांनी तुकडा उचलला.

पहिल्या इंजिनाचं चाक व्हाइसच्या पकडीत भोक मोठं करताना तडकलं. जुना ओतीव धातू होता. चिरा पार कडेपर्यंत गेल्या. त्या शनिवारी मी गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते आणि चाकाचे तीन तुकडे समोर कागदावर मांडलेले होते. त्यांची बायको, जिला आळी मावशी म्हणायची, मला हळूच म्हणाली, की दोन दिवस नीट जेवले नाहीत. मी म्हटलं, राहू द्या आता, आहे तशीच नेऊ. "दुसरं हाय अजून," एवढंच ते बोलले.

दुसरं इंजिन त्यांनी दोन महिने हातात घेतलं नाही. आधी डब्यांची दहा चाकं केली. कानस इतकी हळू चालायची, की शेजारी बसलं तरी आवाज येत नसे. मग इंजिनाची तीन. जुने रूळ पत्र्यावर बसवलेले होते आणि पत्र्यातूनही वीज पलीकडे गेली असती, त्यामुळे तेही सोडवून सागाच्या पट्ट्यांवर नव्याने ठोकावे लागले. पोटाखालची पितळी जीभ निघाली. घरातल्या हातभर लांब फळीवर गाडी एकदा पुढे गेली, एकदा मागे आली. ते हसले नाहीत. डावा डोळा मिटून त्यांनी रुळांवरून नजर टाकली आणि मला दिवस ठरवायला सांगितलं.

मुरबाडला आम्ही वर्गातली चार टेबलं जोडली. मावशी येऊ शकल्या नाहीत; घरी लेक बाळंत झाली होती. फिटरनी रुळांचं कडं जोडलं, बॅटरीच्या तारा लावल्या. गाडी सुरू झाली तेव्हा सगळा वर्ग टेबलांभोवती दाटला. तिसऱ्या फेरीनंतर एवढा गलका उठला, की हेडमास्तर धावत आले. त्यांनी फिटरचं चार शब्दांत कौतुक केलं. फिटरनी मान हलवली, पण लक्ष चाकांकडेच होतं.

शाळेचं छप्पर शाकारायला डोळखांबकडचा एक म्हातारा आला होता. तो खाली उतरून दारात उभा राहिला, मग आत आला आणि गुडघ्यांवर हात टेकून टेबलाशी वाकला. बराच वेळ त्याने पाहिलं.

"रूळ दोनच," तो म्हणाला. "बरोबर हाय."

फिटरनी मान वर केली. "तुमी कुठं बघितले?"

"कसाऱ्याला. जवान होतो तवा खडी टाकायला गेलतो आमी. अशाच दोन रुळांमदी."

फिटरनी गाडी चालू-बंद करायचं बटण त्याच्या हातात दिलं. मग दोघं मुलांच्या बाकावर शेजारी बसून खडीबद्दल, मुकादमाबद्दल, घाटातल्या थंडीबद्दल बोलत राहिले. मी फिटरना आधीही बोलताना ऐकलं होतं. पण इतकं नाही. परतीची एसटी चुकली. त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

गाडी त्यांनी शाळेलाच ठेवली. दोन वर्षांनी पावसाळ्यात ते गेले. न्यूमोनियाचं निमित्त झालं. ओढ्यांना पाणी होतं, रस्ता बंद होता, आणि मला निरोप मिळाला तेव्हा दहावं उलटून गेलं होतं.

मी मावशींना भेटायला गेलो आणि म्हटलं, गाडी घरी आणून देतो. त्या नको म्हणाल्या. शहापूरच्या पोरांना आसनगावचं स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे, गाडी मुरबाडलाच राहू दे. मग म्हणाल्या, "मी ती पुरी फिरताना बघितलेली नाय, मास्तर."

दिवाळीनंतर एका रविवारी त्या एसटीने एकट्या मुरबाडला आल्या. शाळा बंद होती. मी टेबलं जोडली, रुळांचं कडं मांडलं, गाडी सोडली. त्या बाकावर बसल्या, हात मांडीवर. दहा-बारा फेऱ्या झाल्यावर मी विचारलं, थांबवू का?

"ऱ्हाऊ द्या थोडा येळ," त्या म्हणाल्या.

मी बटणावरचा हात काढला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. बॅटरी उतरेपर्यंत आतून चाकांचा आवाज येत होता.