नॉर्टनकरांचं मूळ गाव

इंग्लंडमध्ये एकूण गावं किती, मला माहीत नाही. पण त्यातली निम्मी नॉर्टन नावाची आहेत, हे मी छातीठोकपणे सांगतो!

झालं असं, की आमच्या सईने बोरिवलीत राहून इंग्रज नवरा शोधला. डॅनियल नॉर्टन. मुलगा झकास, भेंडीची भाजी मागून खातो. अडली फक्त माझी आत्या. वय ब्याऐंशी, मुक्काम दहिसर. आम्हा नेरुरकरांत तिच्याशिवाय अक्षता पडत नाहीत.

"जावयाचो मूळ गाव खंयचो?" तिने विचारलं.

"आत्या, तो लंडनला असतो."

"तू बोरिवलीक असतंस. म्हणान तुझो गाव बोरिवली काय? गाव कळल्याबिगर, थंयच्या देवाक नारळ ठेवल्याबिगर मी लग्नाक येवचंय नाय!"

आत्याशिवाय लग्न? सई रडायलाच लागली. पण मी तीस वर्षं ऑफिसात हरवलेल्या फायली शोधल्यात. एक गाव शोधायला कितीसा वेळ! अर्ध्या तासात इंटरनेटवर छडा लावला. नॉर्टन म्हणजे उत्तरेकडची वाडी. म्हणजे नेरूरचे ते नेरुरकर, तसे नॉर्टनचे ते नॉर्टन. (फक्त 'कर' लावायचा कंटाळा केला. इंग्रजच ते!)

पंचाईत एवढीच, की नॉर्टन निघाली ढीगभर.

"बाबा, डॅनियलला विचारू ना?"

"त्या पोराला काय कळतंय! थांब गं."

मी फोटो बघून एक पसंत केलं. चर्च होतं, विहीर होती, दोन गाईही होत्या. पत्रिकेत थेट छापलं, 'मूळ गाव नॉर्टन, यॉर्कशायर'. शेजारी आमचं गाव. तीनशे प्रती वाटूनही टाकल्या!

लग्नाच्या आठवडाभर आधी व्याही आले. आत्याला मुद्दाम बोलावलं, देवापुढे व्याह्यांच्या हातात नारळ दिला आणि मी कोकणी थाटात गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, यॉर्कशायरातल्या नॉर्टनच्या राखणदारा..."

व्याह्यांनी सईला हळूच काहीतरी सांगितलं. सईने कपाळाला हात लावला.

"बाबा, यॉर्कशायरशी त्यांचा काही संबंध नाही. आपण कुठल्या नॉर्टनचे, हे त्यांच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. कोणीतरी पूर्वज गाव सोडून दुसरीकडे गेला, तिथले लोक त्याला नॉर्टन म्हणायला लागले. गावातच राहिला असता तर हे नाव पडलंच नसतं."

वाट लागली! मी आत्याकडे बघायचं टाळलं. पण आत्या चक्क हसली.

"खरां बोललो! गाव सुटलो काय नाव चिकटता. आपल्यातलोच माणूस आसा. ठेव रे व्याह्या नारळ, खंयचो आसात तो देव ऐकतलो."

माझा जीव भांड्यात पडला. मी ऐटीत पत्रिका तिच्या हातात दिली. तिने चष्मा लावून नॉर्टन वाचलं, मान डोलावली. मग आमची बाजू वाचली आणि थांबली.

"मेल्या, नेरूर, तालुको मालवण?"

"मग?"

"कुडाळ रे, कुडाळ! माझ्या म्हायेरचो तालुको बदललंस! ह्यो बापडो ठावक नाय म्हणान सांगता तरी. तू छापतंस! ह्या पत्रिकेवर मी येवचंय नाय!"

शेवटी आली. पण त्याआधी आठवडाभर मी बोरिवली ते मुलुंड घरोघर फिरून तीनशे पत्रिकांवर 'मालवण' खोडत होतो. 'कुडाळ' बघून बघून गिरवायला हौसेने व्याही सोबत होते. (माझ्यापेक्षा अक्षर बरं!) मांडवात कोणी "तुमचं गाव कुठलं?" विचारलं, की मी आधी व्याह्यांकडे बघायचो.