अफसानाचाचीची अकरा रोपं

अकोला रस्त्याला, बडनेऱ्याच्या पुढं एका गावाचं कब्रस्तान आहे. नबीचाचा तिथं कबरी खोदतात. त्यांचे अब्बाही तेच करायचे. चारी बाजूंनी सोयाबीन, कपाशी आणि फवारणीचे पंप. मधली चार एकर काळी जमीन तेवढी कधी नांगराखाली आली नाही. त्यामुळं बाकी शिवारातून हद्दपार झालेली गवतं आणि फुलं तिथं निवांत होती. होती म्हणते, कारण नंतर तिथं आम्ही पोचलो.

आम्ही म्हणजे अमरावतीच्या एका कॉलेजचा वनस्पतिशास्त्र विभाग. सहा वर्षांपूर्वी मी पीएच.डी.साठी गवत गोळा करत त्या फाटकातून आत गेले. चाचांनी मला थेट त्यांच्या बायकोच्या, अफसानाचाचीच्या कबरीपाशी नेलं. कडेनं वीतभर उंचीची, फिकट जांभळ्या फुलांची रोपं उभी होती.

"मी लावले नाई, बाई. ती गेली, त्याच्या तिसऱ्या वर्षी आपल्या मनानं आले. सात होते, आता अकरा हायेत." रोज सकाळी ते मोजायचे. ही रोपं पोळ्याच्या आधी पंधरा दिवस फुलत, मग मातीखाली नुसता कांदा उरे. बाकी कब्रस्तानातही चाळीसेक होती.

माझ्या मार्गदर्शक सरांना फोटो दाखवला तर ते खुर्चीतून उठलेच. वऱ्हाडात सत्तर वर्षांत कुणाला न दिसलेलं रोप! शोधनिबंध छापला, गावाच्या नावासकट. चाचा त्यात शेवटी आभारात आले, 'एक स्थानिक व्यक्ती' म्हणून.

मग पाहुण्यांची रीघ लागली. नागपूर, पुणे, कोल्हापूर. प्रत्येकाला नमुना हवा, तोही फुलासकट आणि कांद्यासकट, रद्दी पेपरात दाबून वाळवायला. फुलावर असताना उपटलं की बी पडत नाही, कांदा नेला की पुढचं वर्षही गेलं. हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना आम्ही ते शिकवतो.

चाचा आलेल्याला काळा चहा पाजायचे आणि स्वतः खुरपं घेऊन बसायचे, कांद्याला इजा नको म्हणून. ओल्या फडक्यात गुंडाळून रोप हातात द्यायचे. एकदा मी म्हटलं, "चाचा, सगळ्यांनाच कशाला देता?"

"पाहुना खाली हातानं कसा जाईन, बाई?"

फक्त चाचीच्या कबरीला ते कुणाला हात लावू देत नसत.

चौथ्या वर्षी सर पुण्याच्या पाच पाहुण्यांना घेऊन आले. त्यांच्यातल्या एकाच्या सहीवर सरांचा प्रकल्प अडला होता. आम्ही सगळं कब्रस्तान पालथं घातलं. एक रोप नाही. पाहुण्यांची तोंडं उतरली. सरांची नजर चाचीच्या कबरीवर गेली.

"चाचा, इथं गुरं शिरतात, सगळं खाऊन टाकतील. आम्ही कॉलेजच्या बागेत सांभाळू. पुढच्या साली तुमची तुम्हाला परत."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी 'देऊ नका' म्हणायला हवं होतं. मी पिशवी उघडून धरली. पाच पाहुण्यांना एकेक, दोन सरांच्या वाळवलेल्या नमुन्यांच्या कपाटाला, चार बागेला. चाचा हळूहळू उकरत होते, आणि दर कांद्यावरची माती फुंकून पुन्हा कबरीवर टाकत होते.

बागेतली चारही कुजली. माळी रोज पाइपानं पाणी घालायचा; फुलं सरली की कांद्याला पाणी नको, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या पोळ्याआधी चाचा धुतलेला कुर्ता घालून, हातात रिकामी कुंडी घेऊन विभागात आले. "एकच द्या, बाई." मी कपाट उघडलं. जाड कागदावर चिकटवलेलं तपकिरी रोप, खाली संग्राहक म्हणून सरांचं नाव. चाचांनी बराच वेळ पाहिलं.

"याले पानी देलं तं उठन का?"

"नाही, चाचा."

ते कुंडी घेऊन ऑटोत बसले. त्या दिवशी मला माझ्या डॉक्टरेटची लाज वाटली, अजून वाटते.

यंदा प्रकल्पाचा अंतिम अहवाल गेला. रोप नष्ट होण्याचं कारण: 'स्थानिकांकडून बेसुमार उपटणी व चराई.' टाइप मीच केला. मग राहवेना, तो कागद घेऊन कब्रस्तानात गेले आणि चाचांना वाचून दाखवला. ते मला शिव्या देतील असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"खोटं काय लिवलं? खुरपं तं माह्यंच होतं."

मग त्यांनी चहा टाकला. मी प्यायले. फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा ते माझ्या हातांकडं पाहत होते.

"आज तुमी खाली हातानं चालल्या, बाई," ते ओशाळून म्हणाले. "द्याले काई उरलंच नाई."